उंबरठा आणि छत : लिमिटरची उलटतपासणी

घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रण करणे ही आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. ऑडॅसिटीसारखी आज्ञावली फुकट मिळते आणि जुन्या संगणकावरही चालते. शाळेचे समूहगीत, एखाद्या धड्याचे नभोनाट्य, विज्ञानदिनाची ध्वनिफीत असे काही करायचे ठरले की एखादा उत्साही शिक्षक आणि चार मुले मिळून ते एका दुपारीत उरकतात. या कामात थोडे पुढे गेले की एका साधनाशी गाठ पडते. त्याचे नाव लिमिटर. नाव ऐकून वाटते की हे साधन आवाजाला मर्यादा घालत असेल. प्रत्यक्षात ते वापरल्यावर आवाज मोठा होतो! ज्याने मर्यादा घालायची त्यानेच आवाज वाढवावा, हा काय प्रकार आहे?

या लेखात त्या साधनाचे परीक्षण करायचे आहे. लिमिटरच्या गणिताबद्दल माझी तक्रार नाही. ते गणित सुंदर आहे. हे साधन पडद्यावर ज्या रीतीने मांडले जाते, त्यातून ध्वनीविषयी चुकीच्या कल्पना शिकवल्या जातात आणि वापरणाऱ्याकडून नकळत एक सदोष प्रयोग करवून घेतला जातो, असा माझा आक्षेप आहे. तो पटवून देण्यासाठी आधी थोडी पूर्वतयारी करावी लागेल.

शून्य हा वरच्या टोकाचा आकडा

पाठ्यपुस्तकात डेसिबेलचा तक्ता असतो. त्यात कुजबुज सुमारे ३०, साधे बोलणे सुमारे ६०, असे आकडे असतात. संगणकाच्या पडद्यावर मात्र −६, −१२, −६० असे उणे आकडे दिसतात आणि सर्वांत वर असते शून्य. विद्यार्थी इथे हमखास गोंधळतो.

डेसिबेल हे गुणोत्तर सांगण्याचे एकक आहे. कशाशी तुलना करायची ते आधी ठरवावे लागते. हवेतील ध्वनीसाठी तुलनेचा आधार २० मायक्रोपास्कल एवढा सूक्ष्म दाब असतो. म्हणून रोजच्या आवाजांचे आकडे धन येतात. संगणकात तुलना होते ती साठवता येणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येशी. सीडीवर प्रत्येक ध्वनिनमुना १६ बिटांत लिहिलेला असतो, म्हणजे त्याची किंमत −३२,७६८ ते ३२,७६७ यांच्या दरम्यान असते. त्या कमाल किमतीला शून्य डेसिबेल म्हणायचे. आयाम निम्मा झाला की −६, दशांश झाला की −२०. शून्याच्या वर सीडीवर जागाच नाही.

यातून एक गोष्ट लगेच निघते. पडद्यावरचे −६ डेसिबेल खोलीत किती मोठे ऐकू येतील, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. ते ठरते ध्वनिवर्धकाच्या बटनावर, स्पीकरवर आणि ऐकणाऱ्याच्या अंतरावर. फूटपट्टीवरचे सेंटिमीटर आणि नकाशावरचे सेंटिमीटर यांत जेवढा फरक, तेवढाच हाही फरक आहे. दुर्दैवाने दोन्हीकडे शब्द एकच, ‘डेसिबेल’.

शिखर आणि सरासरी

आता दुसरी अडचण. एखाद्या ध्वनीची पातळी म्हणजे त्याच्या लहरीचे सर्वांत उंच शिखर, की सगळ्या लहरीची सरासरी?

समजा, एक शुद्ध ज्या-तरंग आहे आणि त्याचे शिखर बरोबर शून्य डेसिबेलला टेकते. त्याची वर्गमध्यमूळ सरासरी काढली तर ती −३ डेसिबेल येते. त्याच शिखराची चौकोनी लहर घेतली तर तिची सरासरी शून्यच येते, कारण ती सदैव टोकालाच असते. दोघांचे शिखर सारखे, पण चौकोनी लहर अधिक मोठी ऐकू येते. उलट टाळीचे शिखर फार उंच असते, पण ते काही मिलिसेकंदच टिकते. सरासरी मात्र खूप खाली. टाळीचे शिखर आणि तानपुऱ्याचे शिखर एकाच पातळीला आणून ठेवले, तर भरून राहिलेला वाटेल तो तानपुराच.

आपला कान क्षणिक शिखरावरून मोठेपणा ठरवत नाही. काही शतांश सेकंदांपासून दोन-तीन दशांश सेकंदांपर्यंतच्या काळातील ऊर्जा तो जणू गोळा करतो. शिवाय सगळ्या कंप्रता त्याला सारख्याच जाणवत नाहीत. हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवले होते. म्हणजे पातळीचे निदान दोन आकडे हवेत. यंत्राच्या क्षमतेसाठी शिखराचा आणि माणसाच्या जाणिवेसाठी सरासरीचा. या दोहोंतील अंतर म्हणजे त्या ध्वनीतील उसळी. तबल्याची थाप, तंतुवाद्याची छेड, स्पष्ट उच्चारलेला ‘प’ किंवा ‘ट’ यांचा जिवंतपणा बराचसा या अंतरात असतो.

आणि घरगुती आज्ञावलीच्या पडद्यावर सर्वांत ठळक काय दिसते? शिखर! लहरीचे चित्र शिखरांचे, दिव्यांची पट्टी शिखरांची, लाल दिवा शिखरासाठीच. ऑडॅसिटीच्या पट्टीत सरासरीही फिकट छटेने दाखवलेली असते, पण नवख्याचे लक्ष लाल दिव्यावरून हलत नाही.

लिमिटर नेमके काय करतो?

आकड्यांनीच पाहू. एका ध्वनिमुद्रणात बोलण्याचा आयाम ०.१ आहे, म्हणजे −२० डेसिबेल. मध्येच कोणीतरी टाळी वाजवली, तिचा आयाम १, म्हणजे शून्य डेसिबेल. टाळी शिखराला टेकलेली असल्यामुळे नुसते वर्धन करून बोलणे मोठे करता येत नाही. सगळे १२ डेसिबेलने, म्हणजे सुमारे चौपट वाढवले तर बोलणे ०.४ होईल, पण टाळी ४ होईल आणि मर्यादा तर १ ची आहे.

इथे दोन मार्ग संभवतात. पहिला म्हणजे १ च्या वरचे सरळ कापून टाकायचे. लहरीचा माथा सपाट होतो आणि आवाज फाटतो. गणिताने पाहिले तर सममित कापलेल्या ज्या-तरंगात मूळ कंप्रतेच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशा नव्या कंप्रता शिरतात. गाणाऱ्याने त्या गायलेल्या नसतात.

दुसरा मार्ग लिमिटरचा. तो ध्वनी काही मिलिसेकंद उशिरा पुढे सोडतो. त्यामुळे टाळी येत आहे हे त्याला आधीच कळते. टाळी पोहोचण्यापूर्वी तो वर्धन हळुवार एक चतुर्थांशावर आणतो, टाळी जाऊ देतो आणि मग वर्धन पूर्ववत करतो. माथा कापला जात नाही. तेवढ्या क्षणापुरती सगळी लहरच लहान केली जाते. शेवटी बोलणे ०.४ आणि टाळी १. पूर्वी टाळी बोलण्याच्या दसपट होती, आता अडीच पट. दोहोंतले २० डेसिबेलचे अंतर ८ वर आले.

वर्धन पूर्ववत करायला किती वेळ घ्यायचा, याला रिलीज म्हणतात, आणि इथेच खरी कसरत आहे. समजा, ५० हर्ट्झचा खर्ज वाजतो आहे. त्याचे एक कंपन २० मिलिसेकंदांचे. रिलीज ५ मिलिसेकंदांचा ठेवला तर वर्धन प्रत्येक कंपनाच्या आतच वर-खाली होऊ लागते, लहरीचा आकार बदलतो आणि आवाज पुन्हा फाटतो. रिलीज एक सेकंदाचा ठेवला तर प्रत्येक थापेनंतर मागचा तानपुरा दबतो आणि मग फुगत वर येतो. संगीतावर कोणी भाता मारत असल्यासारखे वाटते. या दोन टोकांमधली जागा प्रत्येक संगीतासाठी वेगळी असते. लिमिटर कितीही चांगला असला, तरी त्याच्याकडून फार काम करवून घेतले की तो यांपैकी एक किंमत वसूल करतोच.

आक्षेप पहिला : उंबरठा खाली, आवाज वर

आता पडद्याकडे येऊ. संगणकावरील सुरुवातीच्या प्रभावी लिमिटरांत वेव्हज या कंपनीच्या एल-वन अल्ट्रामॅक्सिमायझरचे नाव घेतले जाते. तो १९९४ साली आला. त्यात दोन मुख्य सरकपट्ट्या होत्या. एक थ्रेशोल्ड, म्हणजे उंबरठा. दुसरी सीलिंग, म्हणजे छत. उंबरठा खाली ओढला की तेवढ्याच प्रमाणात सगळ्या ध्वनीचे वर्धन होऊन उंबरठ्याची पातळी छताला नेऊन भिडवली जाई. ही मांडणी इतकी रूढ झाली की पुढच्या अनेक लिमिटरांनी ती उचलली. ऑडॅसिटीच्या २०२४ मधील नव्या लिमिटरातही उंबरठा आणि भरपाईची पातळी अशा दोन पट्ट्या आहेत.

वापरणाऱ्याच्या दृष्टीने पाहा. तो पट्टी खाली ओढतो, आवाज मोठा होतो. मग साधन चालू-बंद करून तो तुलना करतो. चालू असताना मोठा आवाज, बंद असताना लहान. थोडा मोठा आवाज बहुतेकांना थोडा ‘चांगला’ वाटतो. अधिक भरीव, अधिक स्पष्ट. खर्ज आणि तीव्र कंप्रता पातळी वाढल्यावर अधिक जाणवू लागतात, हे त्यामागचे एक कारण. तेव्हा साधन चालू असलेले बरे, असा निकाल लागतो.

विज्ञानशिक्षकाला यातला दोष लगेच दिसेल. दोन चहांची तुलना करायची, पत्ती कोणती चांगली ते ठरवायचे आणि एका कपात गुपचूप साखर जास्त घालायची, असा हा प्रयोग आहे. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या. उसळी दाबली हा एक बदल, पातळी वाढवली हा दुसरा. निकाल दुसऱ्याचा लागला आणि श्रेय पहिल्याला गेले. प्रयोगात एका वेळी एकच घटक बदलावा, हे आपण सहावी-सातवीपासून शिकवतो. पडद्यावरची ही रचना मात्र तो नियम मोडणेच सर्वांत सोपे करून ठेवते. एका बटनाने पातळी जुळवून मगच तुलना करू देणारे लिमिटर आज मिळतात. पण ती सोय बहुधा शोधावी लागते, आणि जी गोष्ट शोधावी लागते ती नवशिका वापरत नाही.

आक्षेप दुसरा : लाल दिव्याचे औषध

घरगुती ध्वनिमुद्रणात सहसा अनेक पट्टे असतात. गायक, पेटी, तबला, टाळ वगैरे. आठ पट्टे एकत्र केले, प्रत्येकाची सरासरी सारखी असली आणि ते एकमेकांशी असंबद्ध असले, तर एकूण शक्ती आठपट होते, म्हणजे ९ डेसिबेलची वाढ. प्रत्येक पट्टा स्वतंत्रपणे हिरव्यात असला तरी बेरीज लाल होते, यात नवल नाही. नवखा घाबरतो आणि मुख्य पट्ट्यावर लिमिटर बसवतो. दिवा विझतो. रोग बरा झाला असे वाटते.

खरे तर बहुतेक आज्ञावल्या आतले गणित ३२ बिटांच्या तरंगत्या दशांश-चिन्हाच्या पद्धतीने करतात. तिथे १ पेक्षा मोठी संख्याही अचूक साठवली जाते. बेरीज १.९ आली म्हणून काही हरवत नाही. मुख्य पट्ट्याची पातळी ६ डेसिबेल खाली आणली की ते ०.९५ होते आणि लहर जशीच्या तशी राहते. हानी होते ती शेवटी १६ बिटांच्या फाइलीत उतरवताना किंवा स्पीकरकडे पाठवताना. म्हणजे जिथे साधी वजाबाकी पुरे होती, तिथे शस्त्रक्रिया केली गेली. आज्ञावलीने लाल दिव्यासोबत ‘पातळी एवढी कमी करा’ असे एक वाक्य दाखवले असते, तर कितीतरी ध्वनिमुद्रणे वाचली असती.

याला एक अपवाद लक्षात ठेवावा. मायक्रोफोनमधून आत येतानाच आवाज मर्यादेबाहेर गेला असेल, तर तो माथा कायमचा गेला. नंतर पातळी कमी करून सपाट माथा फक्त खाली येतो, गोल होत नाही. म्हणून ध्वनिमुद्रण करताना शिखरे −१२ ते −६ च्या आसपास राहतील इतकी मोकळी जागा ठेवावी. तेवढ्याने काहीही बिघडत नाही. १६ बिटांची व्याप्तीच सुमारे ९६ डेसिबेलची आहे.

आक्षेप तिसरा : छत दिसते तिथे नसते

लिमिटरचे छत शून्यावर ठेवले की सगळे सुरक्षित, असाही एक समज आहे. यातली मेख गणिताच्या शिक्षकांना आवडेल. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. ११,०२५ हर्ट्झचा स्वर घेतला तर त्याच्या प्रत्येक कंपनात बरोबर चार नमुने पडतात. ते जर ४५, १३५, २२५ आणि ३१५ अंशांवर पडले तर प्रत्येकाचे मूल्य शिखराच्या ०.७०७ पट, अधिक किंवा उणे. खरे शिखर नमुन्यांच्या मधल्या जागेत लपलेले! आता आज्ञावलीने नमुने पाहून ‘अजून ३ डेसिबेल जागा आहे’ असे म्हणत त्यांना शून्यावर नेले, तर त्या नमुन्यांवरून पुन्हा तयार होणारी विद्युत्-लहर शून्याच्या ३ डेसिबेल वर जाईल आणि ती तयार करणारा परिपथ गडबडेल. एमपी-थ्रीसारख्या संक्षिप्त रूपात फाइल बदलतानाही शिखरे अशीच वर सरकतात. म्हणून जाणकार लिमिटर नमुन्यांच्या मधली लहर गणिताने शोधून ‘खरे शिखर’ मोजतात आणि छत −१ डेसिबेलवर ठेवायला सांगतात.

एक गाजलेले उदाहरण

हे सगळे केवळ नवशिक्यांचे प्रश्न आहेत असे कोणी समजू नये. मेटॅलिका या अमेरिकन वाद्यवृंदाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा संग्रह सप्टेंबर २००८ मध्ये आला. निर्माता रिक रुबिन, म्हणजे साधनांची किंवा अनुभवाची वाण नव्हती. याच संग्रहातली गाणी त्याच सुमारास ‘गिटार हीरो’ या संगणक-खेळासाठीही दिली गेली. खेळात प्रत्येक वाद्य वेगळे लागते, म्हणून तिथे शेवटची दाबादाबी न झालेले पट्टे गेले. रसिकांनी दोन्ही रूपे शेजारी ठेवून त्यांच्या लहरींची चित्रे पाहिली. खेळातल्या रूपात ड्रमच्या प्रत्येक ठोक्याचे टोक दिसत होते. सीडीवरच्या रूपात सगळे माथे एका रेषेत छाटलेले, जणू करवतीने कापलेले कुंपण.

कानालाही हे कळते. सीडीवर ड्रमचा ठोका धक्का देत नाही, चरचरतो. गिटारींची भिंत आणि ठोका एकाच उंचीचे झाल्यामुळे ठोक्याला उठायला जागाच उरलेली नाही. संगीत आक्रमक असावे, हा त्या कलावंतांचा हक्क आहे. पण आक्रमकता उसळीतून येते आणि इथे नेमकी उसळीच खर्ची घातली आहे. कलाकृती म्हणून माझ्या मते हा तोट्याचा सौदा आहे. नव्याने मिश्रण करून द्यावे, अशा मागणीपत्रावर दहा हजारांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. ड्रमवादक लार्स उलरिक यांनी मात्र आहे त्या रूपाचे समर्थन केले. अंतिम संस्करण करणाऱ्या टेड जेन्सन यांचे म्हणणे असे प्रसिद्ध झाले की ध्वनिमुद्रण त्यांच्या हाती आले तेव्हाच ते छाटले गेलेले होते. २०१५ साली कमी दाबलेली आवृत्ती आयट्यून्सवर आली.

पुराव्याविषयी एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. खेळातले रूप आणि सीडीवरचे रूप यांत फक्त लिमिटरचाच फरक होता असे नाही; मिश्रणही वेगळे होते. म्हणून हा काटेकोर नियंत्रित प्रयोग नव्हे. पण एका रेषेतले सपाट माथे म्हणजे लहर कुठेतरी छाटली गेली आहे; ती लिमिटरनेच छाटली, असे मात्र केवळ त्यावरून म्हणता येत नाही.

दुसरी बाजू

टीका करताना दुसरी बाजूही मांडली पाहिजे. चालत्या गाडीत, गोंगाटाच्या बाजारात, लहान फोनच्या स्पीकरवर ऐकताना हळू भाग बुडून जातात. तिथे अंतर कमी केलेलेच बरे. नभोवाणी केंद्रांना तर लिमिटर लागतोच, कारण प्रक्षेपकाची मर्यादा ओलांडली तर शेजारच्या केंद्राला त्रास होतो. वर्गातल्या ध्वनिमुद्रणात एखादी खोकल्याची उसळी २-३ डेसिबेलने दाबली तर कोणाला कळणारही नाही. या कामांसाठी लिमिटर हे उत्तम साधन आहे.

शिवाय ‘आजकालच्या संगीतात चढउतारच उरले नाहीत’ हे सरसकट विधानही तपासून घ्यावे लागते. इमॅन्युएल डेरुटी यांनी २०११ मध्ये ‘साउंड ऑन साउंड’ या मासिकात बऱ्याच ध्वनिमुद्रणांची मोजणी करून दाखवले की गाण्यातल्या हळू आणि मोठ्या कडव्यांमधला फरक फारसा घटलेला दिसत नाही. घटले आहे ते शिखर आणि सरासरी यांच्यातले अंतर. म्हणजे हरवली ती क्षणाची उसळी, मिनिटांचा आलेख नव्हे. टीका करायची तर नेमक्या जागी बोट ठेवून करावी, हा धडा त्यातून मिळतो.

विक्रीचा मुद्दाही असाच. मोठ्या आवाजाची गाणी जास्त खपतात, असा व्यवसायातला विश्वास आहे. अर्ल व्हिकर्स यांनी २०१० मध्ये या प्रश्नाचा आढावा घेतला, तेव्हा त्या विश्वासाला भक्कम आधार सापडला नाही. डेथ मॅग्नेटिक तर अमेरिकेत खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. त्यावरून छाटणीने खप वाढला असेही म्हणता येत नाही आणि छाटणीने खप घटला असेही म्हणता येत नाही.

मोजपट्टी बदलली

या स्पर्धेवर उपदेशाचा परिणाम झाला नाही. परिणाम झाला तो मोजपट्टीचा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने २००६ मध्ये बीएस-१७७० ही शिफारस प्रसिद्ध केली. कानाच्या संवेदनशीलतेनुसार कंप्रतांना वजन देऊन सरासरी ऊर्जा काढायची, असे तिचे सूत्र आहे. पुढे ४००-४०० मिलिसेकंदांचे तुकडे करून शांत भाग गणतीतून वगळण्याची पद्धतही त्यात आली. या एककाला एलयूएफएस म्हणतात. युरोपियन प्रसारण संघाने २०१० मध्ये आर-१२८ शिफारशीने कार्यक्रमांची पातळी −२३ एलयूएफएस ठरवली. अमेरिकेत जाहिराती कार्यक्रमांपेक्षा मोठ्या आवाजात लावण्याविरुद्ध २०१० मध्ये कायदा झाला आणि डिसेंबर २०१२ पासून तो अमलात आला.

इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या सेवाही आज सरासरी मोजून पातळी जुळवतात. स्पॉटिफायची नेहमीची पातळी −१४ एलयूएफएस आहे. याचा परिणाम आकड्यांत पाहू. एक गाणे दाबून −८ वर आणले आहे आणि त्याचे शिखर शून्यावर आहे. दुसरे −१४ वर आहे आणि त्याचे शिखर −१ वर. सेवा पहिल्याला ६ डेसिबेल खाली ओढते, म्हणजे त्याची शिखरे −६ वर येतात. दुसरे आहे तसेच वाजते. आता दोन्हींचा मोठेपणा सारखा, पण दुसऱ्याच्या थापा ५ डेसिबेल उंच उठतात. दाबून मिळवलेली पातळी काढून घेतली गेली. दाबण्याने झालेले नुकसान तेवढे उरले.

ही जुळवणी ऐकणाऱ्याला बंद करता येते आणि सगळीकडे ती नसते. शिवाय आपले गाणे शेजारच्यापेक्षा लहान ऐकू येईल ही भीती आकड्यांनी लगेच जात नाही. म्हणून जुनी सवय अजून टिकून आहे. आणि पडद्यावरची मांडणी ती सवय रोज नव्याने लावते, हा माझा मूळ मुद्दा.

वर्गात करून पाहण्याजोगे

पहिला प्रयोग. ऑडॅसिटीत ४४० हर्ट्झचा, ०.५ आयामाचा ज्या-तरंग तयार करा. त्याचा कंप्रता-आलेख काढा; एकच शिखर दिसेल. आता तो १२ डेसिबेलने वाढवा. त्यासाठी मर्यादा ओलांडण्याची परवानगी देणारी चौकट निवडावी लागेल. ऐकायचे असल्यास आधी स्पीकरचे बटन बरेच कमी करा. पुन्हा आलेख काढा. शिखर अजून एकच असेल, कारण आतल्या गणितात काही हरवलेले नाही. मग ती फाइल १६ बिटांच्या वेव्ह स्वरूपात उतरवा, पुन्हा उघडा आणि आलेख काढा. आता १३२०, २२००, ३०८० हर्ट्झ अशी नवी शिखरे दिसतील. मूळ तरंगाची सरासरी −९ होती. १२ मिळवून ती ३ व्हायला हवी होती, पण येईल सुमारे −१. हा हिशेब बारावीच्या विद्यार्थ्यांना समाकलनाने स्वतः करता येतो.

दुसरा प्रयोग. मुलांनीच गायलेले, ठेका असलेले एखादे गाणे घ्या. एक प्रत तशीच ठेवा, दुसरीवर लिमिटरचा उंबरठा १२ डेसिबेल खाली ओढा. मुलांना दोन्ही ऐकवून मत घ्या आणि फळ्यावर लिहा. नंतर दोन्ही प्रती ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ने −२३ एलयूएफएसवर आणा आणि कोणती कोणती हे ऐकणाऱ्याला न सांगता पुन्हा मत घ्या. दोन्ही वेळच्या मतांची तुलना करा. फरक खरोखर ऐकू येतो का, हेही तपासता येईल. दहा वेळा प्रती अदलाबदल करून ओळखायला सांगा. नुसत्या अंदाजाने दहांपैकी नऊ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ११, म्हणजे सुमारे एक टक्का आहे. निकाल काहीही लागो, मुलांना संभाव्यता आणि ध्वनी हे दोन्ही धडे एकत्र मिळतील.

अशी तुलना एकदा केलेला विद्यार्थी पुढे कोणतेही ‘आवाज सुधारणारे’ बटन पाहिले की आधी विचारेल, पातळी जुळवली आहे का? तेवढा प्रश्न त्याला सुचला, तर ध्वनीच्या तासाचे काम झाले असे म्हणायला हरकत नाही. आज्ञावली तयार करणाऱ्यांनीही तो प्रश्न पडद्यावर मांडायला हवा. तोपर्यंत तो आपल्यालाच विचारावा लागेल.